वाचून वाढलेलं पान

१

ते पुस्तक कुंदाबाईने सासूसाठी आणलं नव्हतं. स्वतःसाठीच आणलं होतं, आणि तेही थोडं लाजत.

त्रेचाळीस सालचा चैत्र. लढाईमुळे साखर कार्डावर गेली होती, तूप बाजारातून दिसेनासं झालं होतं, आणि अमळनेरातल्या भल्या भल्या घरांत सणावारी गुळाच्या पाण्यात भाकरी बुडवून पोरांची समजूत घातली जात होती. कुंदाबाई धुळ्याची, मराठी सहावी शिकलेली. तिचा नवरा जीवराम तेलाच्या कारखान्यात कारकून होता. तो सकाळी नऊला घर सोडी आणि दिवेलागणीला परते. दर शनिवारी कुंदाबाई बाजारपेठेतल्या वाचनालयात जाऊन एक कादंबरी बदलून आणी. एवढी एकच चैन तिला होती.

त्या शनिवारी कादंबऱ्यांच्या कपाटात हात घालताना एक पुठ्ठा सुटलेलं, नावाचं पान गेलेलं पुस्तक हाताला लागलं. पाकशास्त्राचं होतं. तिने सहज उघडलं. ‘दोन शेर निरसे दूध पसरट कढईत मंद आंचेवर ठेवावे व साय धरू लागताच ती कडेस लावीत जावे.’ उभ्या उभ्या तिने अख्खी बासुंदी वाचून काढली. चारोळ्या पडेपर्यंत तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. वाचनालयाचे झुलालभाऊ चष्म्यावरून बघत होते.

“हे नेणार, वहिनी?” त्यांनी विचारलं. “करायला दूध-साखर कुठाय?”

“करायचं नाही,” कुंदाबाई म्हणाली. “वाचायचंय.”

आणि खरोखरच ती ते कादंबरीसारखं वाचू लागली. संकटात सापडलेल्या नायिकेसाठी जीव टांगणीला लागावा, तसा तिचा जीव पाक दोनतारी होईपर्यंत लागून राही.

२

माजघरात खाटेवर सासू पडून असे. भागाबाई. एके काळी पाचपाचशे पानांच्या पंगतीचा स्वयंपाक या बाईच्या शब्दावर चाले. खापरावर तिच्यासारखे पातळ मांडे पंचक्रोशीत कुणाला येत नसत. संक्रांतीनंतर तिच्या गळ्यात काहीतरी झालं. घास खाली उतरेना. वैद्यांनी तपासून सांगितलं, भाताची पेज द्या, तीही पातळ. तेव्हापासून वाटीभर पेजेवर ती दिवस काढत होती. हाताची कातडी लोंबायला लागली होती. ती बोलत नसे, फक्त चुलीकडून वास आला की भिंतीकडे तोंड करी.

एका दुपारी कुंदाबाई तिच्या पायथ्याशी बसून मनातल्या मनात वाचत होती. ओठ हलत असावेत.

“काय वाची राहिनी?” सासूने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं.

“स्वयंपाकाचं पुस्तक आहे, आत्याबाई.”

“माले बी ऐकू दे.”

कुंदाबाईने वांग्याच्या भाजीचं पान काढलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच म्हातारीने हात वर केला.

“इतली घाई कसाले? कांदा लाल तं होऊ दे.”

कुंदाबाईला हसू आलं, पण ती थांबली. कांदा लाल व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दोघी गप्प बसल्या. बाहेर रस्त्यावरून सरकीची गाडी कुरकुरत गेली. मग म्हातारीने मान हलवली आणि कुंदाबाईने मसाला टाकला. शेवटची ओळ वाचून झाल्यावर भागाबाईने डोळे मिटले. तिचा जबडा हळूहळू हलत होता. मग तिने गिळलं. गळ्याची घाटी वरखाली झालेली कुंदाबाईला स्पष्ट दिसली.

“मीठ नही टाकं तू,” म्हातारी म्हणाली.

कुंदाबाईने पान पुन्हा पाहिलं. छापणाऱ्याची चूक असेल, पण त्या भाजीत मीठ लिहिलेलंच नव्हतं.

३

तेव्हापासून रोज दुपारी वाचन होऊ लागलं. प्रमिला, कुंदाबाईची सहा वर्षांची पोरगी, आजीच्या खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायची. रोज दोन पदार्थ होत. भाज्या झाल्या, आमट्या झाल्या, मग श्रीखंड, साखरभात, चिरोटे. आपल्याकडे कुणी कधी पाहिलेही नव्हते असे पदार्थ. केशराच्या काड्या दुधात चुरताना म्हातारी नाक फुलवून श्वास घ्यायची आणि तिला बघून प्रमिलाही घ्यायची.

पंधरा दिवसांत भागाबाईच्या गालावर मांस दिसू लागलं. वैद्य आले, नाडी बघून खूश झाले. “पेज लागू पडली,” म्हणाले. जीवराम तर आईचे हात हातात घेऊन रडायचाच बाकी राहिला. कुंदाबाईलाही समाधान वाटलं. माणसाचं मन रमलं की अन्न अंगी लागतं, तिने स्वतःला सांगितलं. यात न पटण्यासारखं काय होतं?

फक्त एक गोष्ट होती. वाचन संपलं की म्हातारी म्हणायची, “हात धोवाले पानी दे.” कुंदाबाई तांब्या आणि पितळी तसराळं आणून धरायची. एके दिवशी ते पाणी मोरीत ओतताना तिला त्यावर तेलाचा तवंग दिसला. तळाशी हळदीचा पिवळा गाळ होता.

मग तिला आठवलं, सांध्यांना आपण सकाळी तेल-हळद चोळतो. ते हाताला राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुद्दामच तेल-हळद चोळली नाही. दुपारी पाणी पुन्हा पिवळं निघालं. कालचं नखांत अडकलेलं असेल, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून गप्प झाली.

४

वैशाखात एके दुपारी ती कढी वाचत होती. मोहरी तडतडेपर्यंत थांबली होती, तेव्हा भागाबाईने समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

“तिले पहिले वाढ. कव्हयनी बठेल शे.”

“कोण बसलंय कधीची, आत्याबाई?”

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरात आलेल्या पाहुणीसमोर सुनेने विचारू नये ते विचारलं होतं.

कुंदाबाईने भिंतीकडे बघितलं. भिंत दिवाळीला चुन्याने पोतलेली होती. तिथं कुणीच बसत नसे. खुंटीही नव्हती. पण चुन्यावर एक तेलकट डाग पडला होता. घरोघरी भिंतीला पाठ टेकून माणसं बसतात, डोक्याचं तेल लागून तिथं जसा काळपट गोल उमटतो, तसाच. तिने जवळ जाऊन हात लावला. बोटं चिकटली.

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि हात वर करून डाग चाचपला. तो तिच्या डोक्याच्या हातभर वर होता.

“ती तिथं बसते,” प्रमिला म्हणाली.

“कोण?”

“जेवायला येते ती.”

“आजी सांगते का तुला असं?”

“नाही,” प्रमिला म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “आजीला भीती वाटते तिची. आजी तिला आधी देते.”

कुंदाबाईने पुस्तक मिटलं. त्या दिवशी कढी अर्धीच राहिली. म्हातारी संध्याकाळपर्यंत एकसारखी भिंतीकडे बघत होती, आणि तिचे ओठ, कुणाची माफी मागावी तसे हलत होते.

५

संध्याकाळी तिने जीवरामला डाग दाखवला. त्याने कंदील जवळ नेऊन पाहिलं.

“ओल आली असेल,” तो म्हणाला.

“वैशाखात?”

जीवराम सरळ माणूस होता. आई उठून बसायला लागली यापलीकडे त्याला काही बघायचं नव्हतं. “तू वाचणं बंद करू नकोस,” तो म्हणाला. “आईकडे बघ. चार महिन्यांत मी तिला अशी पाहिली नाही.”

“आणि प्रमिलाकडे बघा.”

त्याने पाहिलं. पोरगी ताटासमोर बसली होती. ज्वारीची भाकरी, चिमूटभर चटणी, वरणाचं पाणी. तिने हात लावला नव्हता.

“जेवत का नाहीस गं?”

“मी जेवले. दुपारी. श्रीखंड होतं.”

“ते वाचायचं असतं, बेटा.”

प्रमिलाने बापाकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि ताट सरकवून दिलं. पोरगी जेवेनाशी होऊन आठ दिवस झाले होते, कुंदाबाई मोजत होती. पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती. परकराची नाडी दोनदा आवळून बांधावी लागत होती. मांडीवर घेऊन घास भरवला तर ती तोंडात धरून ठेवी आणि वळताच थुंकून टाकी. “याला चवच नाही,” म्हणे. आणि खरं सांगायचं तर कुंदाबाईला स्वतःलाही आठवेना, की भाकरीची चव तिला शेवटची कधी लागली होती.

६

शनिवारची वाट न बघता ती बुधवारीच पुस्तक घेऊन वाचनालयात गेली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. झुलालभाऊंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

“झालं वाचून? आवडलं?”

“पक्वान्नांचा भाग फार चांगला आहे,” ती काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

झुलालभाऊ थांबले. “पक्वान्नांचा? वहिनी, हा पूर्वार्ध आहे. यात पक्वान्नं नाहीत. तो भाग दुसऱ्या पुस्तकात असणार. तो आपल्याकडे कधी आलाच नाही.”

“मी इथंच उभी राहून बासुंदी वाचली. तुम्ही समोर होतात.”

“वाचत होतात खऱ्या,” ते म्हणाले आणि पुस्तक तिच्यापुढे केलं.

तिने पानं उलटली. वरण, आमटी, भाज्या, कढी, भाताचे दोन प्रकार. नव्वदावं पान, आणि पुढे पुठ्ठा. तीन आठवडे तिने श्रीखंड वाचलं होतं, चिरोटे वाचले होते, साखरेच्या पाकाच्या खुणा वाचल्या होत्या. उजव्या पानाच्या कोपऱ्यावर शाईचा एक ठिपका होता, तोही तिला आठवत होता. चक्का बांधायचं फडकं कसं हवं ते ती आता डोळे मिटून म्हणू शकली असती. मग हे सगळं तिने कशावरून वाचलं?

माणूस वाचता वाचता मनाने भर घालतो, ती स्वतःला म्हणाली. मला धुळ्याला मावशीकडे खाल्लेलं आठवत असेल. पण मावशीकडे तिने चिरोटे कधी खाल्ले नव्हते.

“ठेवून घ्या,” ती म्हणाली. “पुन्हा कुणाला देऊ नका.”

झुलालभाऊंनी का ते विचारलं नाही. त्यांनी पुस्तक कपाटात न ठेवता आपल्या मेजाच्या खणात टाकलं. पण पुस्तक परत केलं म्हणून काही संपत नाही, हे ती पायऱ्या उतरतानाच समजून चुकली. जे तिने वाचलं होतं ते पुस्तकात नव्हतंच.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परसात धुणं धूत होती. म्हातारीला पेज दिली होती. तिने ती घेतली नव्हती. प्रमिलाला शेजारी सुनंदाबाईंकडे खेळायला पाठवलं होतं, आणि कुंदाबाईने स्वतः तिला त्या दारातून आत जाताना पाहिलं होतं. घर शांत होतं. धोपटण्याचा आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येत होता.

मध्येच लुगडं पिळायला तिने धोपटणं थांबवलं. आतून वाचल्याचा आवाज येत होता.

‘…ती कडेस लावीत जावे. दूध निम्मे झाले म्हणजे…’

बाईचा आवाज होता. संथ, एकेक शब्द सुटा सुटा. कांदा लाल व्हायला थांबावं तसा मध्ये थांबत. कुंदाबाई तो आवाज ओळखायचा प्रयत्न करत उभी राहिली. भागाबाईला अक्षर येत नव्हतं. सुनंदाबाईंचा आवाज घोगरा होता. हा स्वच्छ होता, थोडा धुळ्याच्या वळणाचा, आणि ‘साय’ म्हणताना किंचित लांबवणारा.

तो तिचाच आवाज होता.

ती ओल्या पायांनी धावली. पांढऱ्याफेक उन्हातून माजघराच्या अंधारात आली आणि तिला काही दिसेना. आवाज बंद झाला होता. डोळे निवायला लागतो तेवढ्या वेळात तिने जे पाहिलं, ते पुढे तिने कुणालाही पुरतं सांगितलं नाही. भिंतीपाशी एक गुडघा होता. बायका जेवताना एक पाय उभा करून बसतात, तसा उभा केलेला, विटलेल्या लुगड्याने झाकलेला गुडघा. आणि तो समोर बसलेल्या प्रमिलाच्या डोक्याएवढ्या उंचीवर होता.

मग डोळे सरावले. भिंत रिकामी होती. खाटेवर भागाबाई पदराचं टोक चावत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि प्रमिला, जी शेजारी असायला हवी होती, जमिनीवर बसून रिकामा हात तोंडाकडे नेत होती, चावत होती, पुन्हा नेत होती. तिच्या मनगटाची हाडं कातडीतून बाहेर आली होती.

“कुंदा,” म्हातारी म्हणाली, “मनी चूक व्हयनी, माय. मीच वाच म्हनू. तिले आते पोरगी जोडीले पाहिजे.”

“कुणाला, आत्याबाई? कोण आहे ती?”

भागाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटपर्यंत तिने ते सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं की नाही, हेही कुंदाबाईला कधी कळलं नाही.

८

कुंदाबाईने चूल पेटवली.

पोरीला उचलून माहेरी न्यावं, असं तिच्या मनात एकदा आलं. पण वाचणारा आवाज तिच्या गळ्यातला होता. तो तिच्याबरोबर धुळ्यालाही आला असता.

डब्यात होतं नव्हतं ते सगळं पीठ तिने परातीत घेतलं. चार वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, साली काढल्या, हिरवी मिरची आणि लसूण ठेचून लाकडी बडगीत कुटलं, वर कारखान्यातून आलेलं शेंगदाण्याचं तेल सोडलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, ती फुगली. काही वाचलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. धुराने सगळं घर भरलं. खऱ्या भरिताचा खरा वास माजघरात शिरला.

ताट तिने प्रमिलासमोर ठेवलं. पोरीने मान फिरवली.

“तिच्या समोर दुसरं नको खाऊ म्हणते ती.”

कुंदाबाईने भिंतीकडे पाहिलं. डाग कालच्यापेक्षा मोठा होता. मग ती उठली, पदर खोचला, आणि त्या डागाखाली, बरोबर त्या जागी जाऊन बसली. जमीन शेणाने सारवलेली, थंड असायला हवी होती. ती उबदार होती.

प्रमिलाचे डोळे मोठे झाले.

“आई,” ती हळूच म्हणाली, “तू तिच्या मांडीवर बसलीस.”

कुंदाबाईच्या पाठीतून काहीतरी वर सरकत मानेपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. केसांत, टाळूच्या वर, कुणाचा तरी श्वास लागत होता. उठावं, ओरडावं, असं अंगातला कणन् कण सांगत होता. ती उठली नाही.

“बसू दे,” ती म्हणाली. “हिला मी खाऊ घालते. तू तुझं खा.”

आणि तिने घास मोडून स्वतःच्या तोंडात घातला. जिभेवर वांग्याचा धूर, मिरची, मीठ, सगळं एकदम आलं. इतक्या दिवसांची चव एकाच घासात. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती खात राहिली, हाताला वेग आला, तिच्या इच्छेपेक्षाही जास्त. दुसरी भाकरी संपली, तिसरी संपली. पोट भरेना. समोर प्रमिला बघत होती. मग पोरीने हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि तोंडात घातला. चावला. पोरीने गिळला आणि दुसरा तुकडा मोडला.

९

भागाबाई त्यानंतर वीस दिवसांनी गेली. शेवटी शेवटी ती पेजही घेत नव्हती, आणि वाचूनही मागत नव्हती. वैद्य म्हणाले, दिवा विझताना मोठा होतो तसं ते मधलं बरं वाटणं होतं. जीवरामने ते मानलं. माणसाला काहीतरी मानावंच लागतं.

भिंत कुंदाबाईने दोनदा पोतून घेतली. डाग पुन्हा आला नाही. प्रमिला दिवाळीपर्यंत गुबगुबीत झाली, शाळेत जाऊ लागली, धावू लागली. परसात तो आवाज परत कधी ऐकू आला नाही. वाचनालयाची पायरी मात्र कुंदाबाई पुन्हा चढली नाही.

तिची भूक तेवढी वाढली होती. सकाळी तीन भाकरी, दुपारी चार, संध्याकाळी जेवढ्या असतील तेवढ्या. सुरुवातीला जीवराम थट्टा करायचा. पुढे त्याने थट्टा बंद केली, कारण एवढं खाऊनही तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. धान्य पुरेना म्हणून तो आपल्या ताटातली भाकरी न बोलता परत टोपलीत ठेवू लागला.

मार्गशीर्षात एका दुपारी मायलेकी जेवत होत्या. कुंदाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. ती हल्ली तिथंच बसे. टोपली रिकामी झाली होती आणि तिचा हात तरीही टोपलीत चाचपत होता. बरेच महिने जिभेवर असलेला प्रश्न तिने त्या दिवशी विचारला.

“प्रमिला, ती आता कुठं बसते गं?”

प्रमिलाने मान वर करून आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे, मग चेहऱ्याच्या हातभर वर, मग पुन्हा चेहऱ्याकडे. ती घाबरलेली नव्हती. तिने आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि आईच्या ताटात ठेवली.

“घे,” ती म्हणाली. “तुम्हां दोघींना पुरत नाही.”